सोळापट

बाबांना त्यांच्या धंद्यातली माणसं 'सोळापट्या' म्हणायची. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणायची, आणि बाबांना त्याचा राग यायच्या ऐवजी बरंच वाटायचं. हमरस्त्याच्या कडेला उभ्या करायच्या अवाढव्य वस्तू बनवणं हे त्यांचं काम. चहावाल्याच्या दारात दुमजली किटली, न्हाव्याच्या दुकानावर खाटेपेक्षा लांब कंगवा, आणि एका पेट्रोल पंपावर तर अशी छत्री, की तिच्या सावलीत सगळा पंप मावायचा. लांबून येणाऱ्याने ते पाहावं, मागच्या सीटवरच्या पोरांनी "थांबवा, थांबवा" असा गिल्ला करावा आणि आईबापांनी कुरकुरत गाडी बाजूला घ्यावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. बाबांचं माप ठरलेलं: वस्तू मुळाच्या बरोबर सोळापट. सोळाच का, तर चारदा दुप्पट केलं की सोळा होतात, डोक्याला ताप नाही.

दुसरा नियम जास्त विचित्र होता. नमुना म्हणून ते दुकानातली नवी वस्तू कधीच घेत नसत. "नव्या वस्तूला काही सांगायचंच नसतं," असं म्हणून ते घरातली वापरलेली वस्तू उचलायचे आणि सगळ्या बाजूंनी मोजायचे. पोचा असला तर पोचासुद्धा सोळापट. त्यामुळे त्या किटलीच्या पोटाला, एकदा आईने ती भिंतीवर फेकली होती तेव्हाचा पोचा होता, आणि पंपावरच्या छत्रीची एक काडी घरातल्या छत्रीसारखीच वाकडी होती असं बाबांची लेक तिच्या नवऱ्याला सांगायची, तेव्हा त्याला ती थापा मारतेय असं वाटायचं. खालची बाजू, आतली बाजू, कोणी बघणार नाही ती बाजूही बाबा सोडत नसत. आई कातावायची. म्हणायची, ह्या माणसाच्या घरात कंगवा शोधायचा तर रस्त्यावर जावं लागतं.

लेकीला मात्र त्यातल्या एका वस्तूचं नाव काढलेलंही नको असायचं. ती होती खुर्ची.

घरात जेवायच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. त्यातली खिडकीजवळची तिची. ती नऊ वर्षांची होती आणि धाकटा भाऊ सहा वर्षांचा. त्याला सगळे छोटू म्हणायचे. एका रविवारी छोटूने तिच्या सुंदर हस्ताक्षराच्या वहीवर शाईची बाटली उपडी केली. मुद्दाम नाही, पण केली. येत्या शुक्रवारी ती वही बक्षिसासाठी द्यायची होती. आईने तिची समजूत काढायच्या ऐवजी छोटूचीच काढली, कारण तो जास्त जोरात रडत होता. मग ती रागारागाने खुर्चीखाली उताणी पडली आणि कर्कटकाच्या टोकाने बैठकीच्या खालच्या लाकडावर, आपल्या त्या बक्षीसपात्र अक्षरात, तिने कोरलं: छोटू मरू दे.

गुरुवारी छोटूला ताप भरला. ताप डोक्यात गेला, आठ दिवस राहिला, आणि नवव्या दिवशी घरात चारांची तीन माणसं उरली.

त्या खुर्चीखाली बघायचा धीर तिला पुन्हा झाला नाही. तीन महिन्यांनी हमरस्त्यावरच्या एका फर्निचरवाल्याने बाबांना मोठ्ठ्या खुर्चीची ऑर्डर दिली आणि बाबा नमुन्यासाठी नेमकी तीच खुर्ची उचलून कारखान्यात घेऊन गेले. ती काही बोलू शकली नाही. काय बोलणार? खुर्ची परत आलीच नाही आणि ती कुठे गेली हे कोणी विचारलंही नाही, कारण तिघांना तीन खुर्च्या पुरत होत्या.

त्याला आता अडतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात बाबांनी छोटूचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. आई गेली, तिच्या शेवटच्या दिवसांत ती छोटूला हाका मारायची, तेव्हाही बाबा उठून बाहेर जायचे. लोक म्हणायचे, बापाचा जीव आहे, सहन होत नाही. लेकीला वेगळंच वाटायचं. बाबा खालची बाजू सोडत नाहीत. बाबांनी ते वाचलंय. बाबांना माहीत आहे, आणि म्हणून माझ्यासमोर ते त्याचं नाव घेत नाहीत. हे तिने मनाशी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यात शंका अशी उरलीच नव्हती. राहिली होती ती एकच धास्ती: ते शब्दसुद्धा सोळापट करून तिथे लावलेत की काय. दोन बोटं उंचीची अक्षरं होती ती. सोळापट म्हणजे हातभर.

खुर्ची बघायला जायचा विषय निघाला की तिचा गुडघा दुखायचा, पाहुणे यायचे, पोरीची परीक्षा आडवी यायची. अडतीस वर्षं ती अशी सबबींवर सबबी रचत आली. पण ह्या सुट्टीत तिची काही मात्रा चालली नाही. रस्ता रुंद होणार होता आणि पुढच्या महिन्यात खुर्ची उतरवणार होते. फर्निचरवाल्याच्या मुलाने स्वतः बाबांना फोन करून कळवलं. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काठी टेकत चालणारे, कधी कुणाकडे काही न मागणारे. ते जेवता जेवता म्हणाले, "एकदा बघून आलो असतो."

आणि तिची बारा वर्षांची कन्या, जिला घरात चिमणी म्हणत, तिने तर वहीत यादीच केली होती. किटली, कंगवा, छत्री, खुर्ची. प्रत्येकापुढे चौकोन, बघून झालं की बरोबरची खूण.

"आई, तू एकटी मागे राहा हवं तर," चिमणी म्हणाली. "तुझा गुडघा सोडून आम्ही जातो."

नवऱ्याला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांबरोबर गाडीत जाऊन बसली.

सकाळी उजाडताच निघाले. बाबा पुढे, नवरा गाडी चालवत, मागे मायलेकी. कंगवा झाला. त्याचे दोन दात गळलेले होते, आणि बाबांनी सांगितलं की ते तुटले नाहीत, तसेच बनवले होते. छत्रीखाली पेट्रोल भरलं. चिमणीने वाकडी काडी शोधून काढली आणि नवऱ्याने बायकोकडे बघून कान पकडले. बाबा खुशीत होते. अमका थर किती दिवस वाळवला, लोखंडी सांगाड्यावर जाळी कशी ताणली, ह्याची टकळी चालू होती. लेक हो ला हो करत होती, पण प्रत्येक मैलाच्या दगडावरचा आकडा तिला दिसत होता.

किटलीपाशी चहाला थांबले. रंग उडाला होता, पण पोचा तसाच होता. चहावाला म्हातारा झालेला, पण बाबांना त्याने लगेच ओळखलं आणि बाकावर फडकं मारून बसायला दिलं.

"आता पुढे छोटूच्या खुर्चीला जाणार ना?" त्याने सहज विचारलं.

लेकीने कप बाकावर ठेवला. बाबा कपात बघत राहिले.

"कुणाच्या?" नवऱ्याने विचारलं. छोटूबद्दल त्याला ठाऊक होतं, एक भाऊ होता आणि तापात गेला, एवढंच.

"छोटूची खुर्ची. ह्या रस्त्याला सगळे तेच म्हणतात. ट्रकवाले पत्ता सांगतात तोसुद्धा छोटूच्या खुर्चीपासून पुढे असा."

"का पण?"

"खाली लिहिलंय ना. मोठ्या अक्षरात."

"काय लिहिलंय?" हे लेकीने विचारलं. 

चहावाला हसला. "आता इथवर आलात तर जाऊन बघा की, ताई. मी सांगून काय मजा?"

म्हणजे होते ते शब्द. तिचा धीर सुटला. अडतीस वर्षं येणारी जाणारी माणसं त्या खुर्चीखाली सावलीला बसत होती, डबे सोडत होती, पोरांचे फोटो काढत होती आणि डोक्यावर तिचा तो शाप टांगलेला. लोक भले होते, अर्धंच म्हणत होते. छोटूची खुर्ची. पुढचं कोण कशाला बोलेल? बाबांनी ते लावलं होतं. बाबांनी एकेक अक्षर मोजलं, सोळाने गुणलं, आणि जिथे ती कधीतरी येईलच अशा ठिकाणी लावून ठेवलं. गाडीत पुढे बसलेल्या बाबांच्या मानेकडे तिने पाहिलं. विचारावं, आत्ताच विचारावं, असं तिला वाटलं. पण चिमणी शेजारी बसून किटलीपुढे खूण करत होती.

पुढे खुर्चीपर्यंत तासाभराचा रस्ता होता. बाबांची टकळी बंद झाली होती.

खुर्ची लांबूनच दिसली. सपाट माळ, रस्ता, आणि रस्त्याकडेला ती. पाठीची उभी दांडकी आभाळात गेलेली. जवळ आल्यावर तर तिचा एकेक पाय झाडाच्या खोडाहून जाड. दुपारचं ऊन होतं आणि बैठकीखाली चौकोनी सावली पडली होती. तिथे एक कुटुंब सतरंजी पसरून जेवत होतं. लेकीने ती खुर्ची ओळखली. लहानपणी रोज जिच्यावर बसलो ती ओळखावी तशी ओळखली. उजव्या पायाला मांजराने नखं घासली होती, ते ओरखडेही होते.

चिमणी दार उघडून पळाली. नवरा बाबांना हात देऊन उतरवत होता. लेक गाडीतच बसून राहिली.

"छो-टू!" चिमणीने वर बघून मोठ्याने वाचलं. मग गप्प झाली. लेक वाट बघत होती. पुढचं पोर वाचणार, आणि मग मागे वळून आईकडे बघणार.

"आई, ये ना! एवढंच आहे!"

ती उतरली. गुडघा आता खरोखरच दुखत होता. जेवणाऱ्या कुटुंबाच्या कडेने ती बैठकीखाली जाऊन उभी राहिली, पायांकडे बघत. मग तिने मान वर केली.

तिचं अक्षर होतं. 'ट'ची ती गोल गाठ, जिच्यासाठी बाईंनी वर्गापुढे तिचं कौतुक केलं होतं, ती इथे घागरीएवढी होऊन डोक्यावर लटकत होती. छोटू. आणि त्याच्या पुढे शब्द नव्हते. पुढे नुसते ओरखडे होते. एकावर एक, एकात एक, बोटभर खोल, जिथे 'मरू दे' होतं तेवढीच जागा अगदी घट्ट भरून काढलेली. छोटू तेवढं कोणी शिवलेलं नव्हतं.

तिला आधी रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. बाबांनी खोडलं! आयुष्यभर कारण नसताना घाबरत राहिले मी. बाबांनी वाचलं, खोडलं आणि मला सोडून दिलं. तिला इतकं हलकं वाटलं की तिने पायाच्या त्या जाड खांबाला पाठ टेकली आणि तशीच वर बघत राहिली.

बघता बघता तिचं हसू गेलं. मूळ खुर्चीवरचं हे खोडणं बाबांचं नव्हतं. बाबांना काही घालवायचं असतं तर त्यांनी पॉलिश पेपर मारून असं गुळगुळीत केलं असतं की तिथे कधी काही होतं हेही कळलं नसतं. हे आडदांड होतं, नेट लावून केलेलं, जागोजागी हत्यार घसरलेलं. आणि सगळे ओरखडे एकाच बाजूला कललेले होते. उजव्या हाताने कधी पडणार नाहीत असे. घरात डावखुरा एकच होता. नुकता वाचायला शिकला होता तो. पाट्या, काडेपेट्या, औषधाच्या बाटल्या, दिसेल ते बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. आणि रागावला की टेबलाखाली जाऊन उताणा पडायचा.

 जेवणारी माणसं बोलत होती, तिला ऐकू येत नव्हती.

काठीचा आवाज जवळ आला. बाबांनी जावयाला चिमणीचा फोटो काढायला धाडलं होतं. ते तिच्याशेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनीही वर पाहिलं.

"हे का ठेवलंत, बाबा?" ती म्हणाली. "हे ओरखडे."

"त्याच्या हातचे आहेत." अडतीस वर्षांत बाबा पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलत होते. "ते कसे सोडू?"

"त्याच्या खाली काय होतं, ते माहितीये तुम्हाला?"

बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"वरून खरवडलं तरी टोकाने कोरलेलं आत राहतं," ते म्हणाले. "खोली मोजायला मी सुई फिरवत होतो. सुई अडखळली. मग बोट फिरवून बघितलं, तर अक्षरं लागली हाताला. ती तशीच मोठी केली असती तर खालून वाचता आली असती. तेवढी भरून टाकली. एवढं एकच माप मी आयुष्यात खोटं घेतलंय."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला. इतकी वर्षं माहीत होतं."

"नऊ वर्षांची होतीस गं तू. पोरं काहीही लिहितात. त्याचा मी राग धरेन असं वाटलं तुला?"

"मग बोलला का नाहीत?" ती ओरडलीच. सतरंजीवरची बाई वळून बघायला लागली. "त्याचं नाव नाही काढलंत कधी माझ्यासमोर! मी काय समजायचं?"

"बोललो असतो तर तू विचारलं असतंस, मग खोडलं कोणी." बाबा काठीच्या टोकाकडे बघत म्हणाले. "वाटलं, तू विसरली असशील. नाही तर निदान असं समजशील, की त्याला ठाऊकच नव्हतं."

"मी तेच समजत होते."

"मग झालं तर."

"त्याने वाचलं, बाबा."

बाबांना खोटं बोलता आलं असतं. क्षणभर तिलाही वाटलं की त्यांनी बोलावं. पण त्या माणसाला पोचासुद्धा गाळता येत नव्हता.

"वाचलं," ते म्हणाले. "माझ्याकडे पटाशी मागायला आला होता कारखान्यात. ताईचं लिहिताना चुकलंय, आई बघेल तर ताईला ओरडेल, म्हणाला. मी कामात होतो. म्हटलं पळ, हात कापून घेशील. नंतर लाकडावरून कळलं, चमच्याच्या दांड्याने केलंय."

लेक वर बघत होती. घट्ट, नेटाने, एक रेघही मोकळी न सोडता खरवडलेलं. स्वतःचं नाव मात्र त्याने ठेवलं होतं. तेवढंच त्याला चांगलं लिहिलेलं वाटलं असेल.

"किती वेळ लागला असेल?" तिने विचारलं.

"कशाला?"

"एवढं सगळं खरवडायला. सांगा ना. तुम्हाला कळतं."

बाबांनी डोळे बारीक केले. नको म्हणावंसं त्यांना वाटत होतं, ते तिला दिसलं. पण काम समोर आलं की त्यांचा हिशोब आपोआप सुरू व्हायचा, आणि एकदा सुरू झाला की तो खराच व्हायचा.

"सागवान होतं. चमचा. उताणं पडून, हात वर धरून." ते थांबले. "सहा वर्षांच्या पोराला... शाळेतून आल्यावर रोज बसला असेल तर चार दिवस."

तिकडून नवरा हाक मारत होता. सगळे एका फोटोत या, खुर्ची पुन्हा बघायला मिळणार नाही. चिमणी दोन्ही हात हलवत होती. बाबांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

चार दिवस. रविवारी तिने कोरलं आणि गुरुवारी त्याला ताप आला. ते चारही दिवस ती त्याच खुर्चीवर बसून वही नव्याने लिहीत होती. खालून येणारी ती करकर तिला ऐकू येत होती, आणि हा मला मुद्दाम छळतोय म्हणून तिने त्याच्याशी कट्टी धरली होती. शेवटपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.